तीन सेवा, एक घटनास्थळ

दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजातून धूर येऊ लागला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या निकट कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. अग्निशमन दल वेळेवर पोहोचले आणि दोन तासांहून अधिक काळ पाण्याचा मारा सुरू राहिला. त्या अवधीत जहाज जागीच बुडवावे, की खुल्या समुद्रात न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी, हा प्रश्न धक्क्यावरील प्रत्येक जाणकाराच्या मनात होता. परंतु जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल आणि लष्करी अधिकारी या सर्वांना बंधनकारक ठरेल असा हुकूम देणारा एकही अधिकारी तेथे नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो लोक मृत्युमुखी पडले. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो.

या सप्ताहात जवानांच्या शौर्याचे स्मरण होते, ते उचितच आहे. तथापि त्या दुपारी शौर्य किंवा पाणी कमी पडले नव्हते. कमी पडला तो निर्णयाचा अधिकार.

आज आपल्या राज्यात अग्निशमन दल बहुतांशी महानगरपालिका व नगरपरिषदांच्या अखत्यारीत येते, पोलीस दल गृह विभागाच्या आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सार्वजनिक आरोग्य विभागाच्या. ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. ११२ या एकाच क्रमांकावर मदत मागण्याची सोय राज्यात २०२१ पासून झाली आहे. त्यामुळे तीन क्रमांक लक्षात ठेवण्याचा भार हलका झाला, यात संशय नाही. मात्र दूरध्वनी एक झाला म्हणून घटनास्थळावरील काम आपोआप एक होत नाही.

महामार्गावर गॅसचा टँकर उलटला आहे आणि चालक केबिनमध्ये अडकला आहे, असे समजू. बहुधा प्रथम येते पोलिसांचे वाहन. माणुसकीच्या ओढीने पोलीस शिपाई थेट टँकरकडे धावतो. वास्तविक त्याचे त्या क्षणीचे सर्वांत मोलाचे काम मागे राहून करावयाचे असते: दोन्ही बाजूंची वाहतूक दूरवर थोपविणे, बघ्यांना हटविणे, विडी-सिगारेट व वाहनांची इंजिने बंद करविणे आणि बंब व रुग्णवाहिका येण्यासाठी एक मार्गिका मोकळी राखणे. धोक्याच्या वर्तुळाच्या आत कोणी व केव्हा जावे, हे अग्निशमन अधिकाऱ्याने ठरवावयाचे. रुग्णवाहिका उभी राहावयाची ती वाऱ्याची दिशा पाहून, म्हणजे वारा जिकडून येतो त्या अंगाला आणि परतीच्या दिशेने तोंड करून. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण जखमीला आत घेतल्यावर गर्दीत वाहन वळविण्यात जाणारी मिनिटे त्याच्याच आयुष्यातून वजा होतात.

अडकलेल्या चालकाला हात धरून ओढून काढणे हा आपल्याकडील सर्वसाधारण प्रघात. मणक्याला इजा झालेली असेल, तर अशा ओढण्याने माणूस जन्माचा पंगू होऊ शकतो. म्हणून अग्निशमनाचे जवान पत्रा कापत असताना डॉक्टरने जखमीची मान स्थिर धरवून ठेवावी, श्वास पाहावा आणि वाहनातच प्राथमिक उपचार सुरू करावेत, हे दोन सेवांनी जोडीने करावयाचे काम आहे. जखमी अनेक असतील, तर त्यांची निवड लाल, पिवळा, हिरवा व काळा अशा चार रंगांनी केली जाते. जो मोठ्याने ओरडतो तो निदान श्वास घेऊ शकतो. निपचित पडलेल्याकडे आधी पाहावे लागते. सर्व जखमींना एकाच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन टाकण्यापेक्षा कोणाला कोठे न्यावयाचे हे आधी ठरविणे आणि त्या रुग्णालयास पूर्वसूचना देणे अगत्याचे असते. वीजवाहिनी तुटली असेल, तर वीज कंपनीचा तंत्रज्ञ हीच तेथील चौथी सेवा होय. पुरवठा बंद झाल्याची त्याने खात्री दिल्याखेरीज पाण्याची नळी उघडणे धोक्याचे असते.

या सर्व कामांत नागरिकांच्या पहिल्या दूरध्वनीला फार महत्त्व आहे. धोकादायक रसायनांच्या टँकरवर माहितीफलक लावणे मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यावरील चार अंकी क्रमांक हा त्या द्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. सुरक्षित अंतरावरून हे चार अंक वाचून कळविणारा शाळकरी मुलगाही तिन्ही दलांना निघण्यापूर्वीच सावध करू शकतो. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य सांगावे.

जखमीस मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अद्याप गेलेली नाही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना झालेल्या चुकीबद्दलही, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ही तरतूद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली गेली, तर परिपत्रकापेक्षा तिचा अधिक उपयोग होईल.

ग्रामपंचायतींची कामे साधी आहेत, पण ती दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत. वाडीचे कागदोपत्री नाव एक आणि बोलीतील नाव दुसरे, यामुळे वाहन भलत्याच वाटेला लागते. दोन्ही नावांची यादी पोलीस ठाण्यास द्यावी. गावाच्या वेशीवर हौसेने उभारलेल्या कमानीखालून बंब जातो की नाही, हे मोजून पाहावे. बंबाच्या पंपाला साधारणतः सात मीटरपेक्षा खोल पाणी खेचणे कठीण जाते. तेव्हा रस्त्यालगतची कोणती विहीर उन्हाळ्यातही उपयोगी पडेल, हे आधी पाहून ठेवावे. उत्सवातील मंडपाने रस्ता पूर्ण अडू नये, हे तर सांगावयासही नको. पण सांगावे लागते.

उरतो निर्णयाच्या अधिकाराचा प्रश्न. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात व सर्व विभागांत समन्वय राखण्याचा अधिकार त्या प्राधिकरणास आहे. घटनास्थळी एकच प्रमुख असावा आणि इतरांनी त्याच्या सूत्राने चालावे, अशी घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० साली दिली. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत आवाराबाहेरील आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा घेणे नियमानेच आवश्यक आहे. बहुतेक तालमींत पाहुण्यांसाठी मांडव असतो, बंब ठरल्या वेळी येतो आणि जखमीचे सोंग घेतलेला कामगार हसत उठून बसतो. तालीम पूर्वसूचनेविना, रात्रपाळीत घेऊन पाहावी. पोलिसांचा बिनतारी संदेश रुग्णवाहिकेपर्यंत कोणत्या मार्गाने जातो, बंबाचा चालक कोणाचा हुकूम मानतो आणि तहसीलदार येईपर्यंत प्रमुख कोण, याची उत्तरे तेव्हाच मिळतात; आणि ती आराखड्यातील उत्तरांशी जुळली नाहीत, तर आराखडा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करता येतो.