दार दाबले की उघडले पाहिजे

ठिबकच्या नळ्या पाहायला आम्ही भिवंडीजवळ पूर्णा गावी एका गोदामात गेलो होतो. पूर्णा, काल्हेर, राहनाळ हा सगळा पट्टाच गोदामांचा. निघताना ऑफिसचे दार उघडेना! बटण दाबले की चौकटीतली विजेची खटकी नुसती गुणगुणायची. दारावर आतून ढकलायचा आडवा दांडाही होता, पण चोरीच्या भीतीने त्याला साखळी-कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला.

लाइनच्या टोकाला आपला पंप कमी व्होल्टेजवर घुमतो, तसलेच काही असेल असे आम्हांस वाटले. लांब, बारीक वायरने असे होतेही. पण मेकॅनिकने मीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर. दोष निघाला चौकटीच्या नव्या रबरी पट्टीत! ती दाराला बाहेर रेटायची, त्यामुळे लॅचचा भार खटकीवर. दार आपल्याकडे ओढून धरले, बटण दाबले, उघडले.

दांड्याचे मात्र विजेशी काही देणेघेणे नाही. तो ढकलला की लॅच आत जाते, वीज असो वा नसो. १८८३ साली इंग्लंडात संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खिट्टी लावून अर्धवट अडकवलेल्या दारापाशी १८३ मुले चेंगरून मेली. त्यानंतर १८९२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यांनी अशा दांड्याचे पेटंट घेतले. त्यालाच साखळी घालायची म्हणजे काय म्हणावे?

परतल्यावर आमच्याच गट ऑफिसच्या खत गोदामाचे मागचे दार पाहिले. आतून कुलूप. किल्ली शिपायाकडे, अन् शिपाई फडावर. कुलूप त्याच संध्याकाळी काढले.