मरुभूमीत कुत्रा का नको?

'राष्ट्रीय उद्यान' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गर्द झाडी, झरे आणि वाघ उभे राहतात. परंतु उद्यान वाळवंटातही असू शकते. राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरांवर पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे उदाहरण होय. गेल्या हिवाळ्यात आमच्या भूगोल विभागाची सहल तिकडे गेली होती. तेथे वाळूच्या टेकड्या आहेत, तसेच खडकाळ माळ आणि सेवण नावाच्या गवताची कुरणेही आहेत. मी सोलापूर जिल्ह्यातला असल्यामुळे ते उजाड माळरान मला परके वाटले नाही.

तेथील एका नाक्यावर एक कुटुंब मोटारीतून आपला कुत्रा घेऊन आले होते. कुत्र्याला आत नेता येणार नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले. "साखळी बांधली आहे, चावतही नाही, मग हरकत काय?" असे त्या गृहस्थांचे म्हणणे होते. यावरून आमच्या बसमध्ये बराच वाद झाला. मी मेंढपाळाचा मुलगा. आमच्याकडे कुत्रा हौसेसाठी पाळत नाहीत, तो घरातला एक कामकरी गडीच असतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. परत आल्यावर ग्रंथालयात बसून आणि सरांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहे.

प्रथम त्या जागेविषयी. नाव राष्ट्रीय उद्यान असले, तरी १९८० च्या अधिसूचनेप्रमाणे कायद्याच्या दृष्टीने ते अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत गावे आहेत, ढाण्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, वाळवंटी मांजर आणि सांडा हे तेथील रहिवासी. परंतु ते उद्यान खऱ्या अर्थाने ओळखले जाते ते माळढोक पक्ष्यासाठी. राजस्थानात त्याला 'गोडावण' म्हणतात, आणि १९८१ साली तो त्या राज्याचा राज्यपक्षी झाला. सुमारे मीटरभर उंच आणि नराचे वजन पंधरा किलोपर्यंत, असा हा भारदस्त पक्षी आहे. २०११ पासून त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते, आणि त्यांतील बहुतेक या थरच्या वाळवंटातच आहेत.

आता कुत्र्याचा संबंध कोठे येतो ते पाहू. माळढोक झाडावर घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर ते उबवते. या काळात कुत्रा जवळ आला तर मादीला अंडे सोडून उठावे लागते. मग ते अंडे उन्हात तापते, किंवा कुत्रा, कोल्हा, कावळा यांच्या तोंडी पडते. अंडे एकच असल्यामुळे त्या खेपेचे सारे कष्ट वाया जातात. कोंबडीच्या खुराड्यातून एक अंडे जाणे निराळे आणि दीडशे पक्ष्यांच्या जातीतून एक अंडे जाणे निराळे!

साखळीचा कुत्रा तरी चालेल की नाही? रानातल्या प्राण्याला साखळी दिसत नाही, त्याला फक्त कुत्रा दिसतो आणि त्याचा वास येतो. त्याच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊबंद. दाट जंगलात हरिण झाडीआड जाऊन उभे राहू शकते. उघड्या माळावर चिंकाऱ्याला लांबवर पळावेच लागते. जेथे पाणी दुर्मिळ, तेथे अशी विनाकारण झालेली धावाधाव फार महाग पडते.

दुसरे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे. कुत्र्यांचे काही रोग वन्य प्राण्यांना होतात. 'डिस्टेंपर' नावाच्या विषाणूने १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. आपल्याकडे २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही हा विषाणू आढळला होता. वाळवंटातला कोल्हा तर कुत्र्याच्याच कुळातला, त्याला हा धोका अधिकच.

तिसरे कारण खुद्द कुत्र्याच्या हिताचे आहे. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांनाच येतो, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि शरीर थंड ठेवतो. हवाच तापलेली असली की हा उपाय अपुरा पडतो. त्यात तापलेली वाळू तळवे भाजते, भुरट गवताचे काटे केसांत अडकतात, आणि फुरसे त्या मुलुखात पुष्कळ. मालकाची सहल होते, पण मुक्या जनावराचे हाल होतात.

परदेशातील नियमही पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'जोशुआ ट्री' नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे कुत्रा नेता येतो, पण साखळी सहा फुटांपेक्षा लांब असता कामा नये. त्याला रस्ते, वाहनतळ, तंबूंच्या जागा आणि त्यांच्या लगतची शंभर फूट एवढीच मुभा, रानातल्या पायवाटा बंद. म्हणजे मुभा देणाऱ्यांनीही कुत्र्याला रानापासून दूरच ठेवले आहे.

येथे एक रास्त शंका निघते. उद्यानातल्या गावांत मोकळी कुत्री हिंडत असताना पाहुण्याच्या एका कुत्र्याला अडवून काय साधते? शंका खरी आहे. मोकळी कुत्री हाच मोठा प्रश्न आहे. ती मेलेल्या गुरांवर आणि माणसांनी टाकलेल्या उष्ट्यावर पोसली जातात, संख्येने वाढतात आणि टोळीने शिकार करतात. नसबंदीने पुढची पैदास थांबते, पण नसबंदी झालेला कुत्राही अंडे खातोच. म्हणून माळढोकांच्या राखीव कुरणांना कुंपणे घालावी लागतात. अर्थात सारा दोष कुत्र्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, आणि कुरणे नांगराखाली गेली ती माणसांमुळे. तथापि संकटे अनेक असली की जे आपल्या हातात आहे ते तरी आपण टाळावे. मोटारीतला कुत्रा आपल्या हातात असतो. त्याला जैसलमेरात मुक्कामी सावलीत, पाण्याजवळ ठेवावे, आणि सम येथील तंबूंत राहिल्यास उरलेले अन्न बाहेर फेकू नये. एवढे प्रत्येक प्रवाशाला जमण्यासारखे आहे.

मेंढपाळाच्या कुत्र्याचे मात्र काय? मी वडिलांना हे सारे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कुत्रं नसलं तर लांडगा रोज एक मेंढरू नेईल. मग तुझी फी कशातून भरू?" या प्रश्नाला पुस्तकात सोपे उत्तर नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, आणि मला येथवर आणण्यात त्या राखणदाराचाही वाटा आहे. माझ्या मते कळपाबरोबर राहणारा, धन्याच्या हाकेला परतणारा, पोटभर भाकरी मिळणारा कुत्रा आणि वाऱ्यावर सोडलेला कुत्रा यांत फरक केला पाहिजे. पहिल्याला लस हवी आणि विणीच्या काळात राखीव कुरणापासून दूर ठेवणारा धनी हवा. दुसऱ्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आहे.

हा प्रश्न केवळ राजस्थानचा नाही. आपल्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. माझ्या आजोबांनी मेंढरांमागे फिरताना माळढोक अनेकदा पाहिला. मी अभयारण्याच्या फलकावर पाहिला.

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे यंदाचे शिबिर माळावरच्या एखाद्या गावी घ्यावे. पशुवैद्यकांना सोबत न्यावे आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांना लस टोचून द्यावी. कळपापर्यंतची वाट मी दाखवीन. कुत्री धरायला वडील येतील, असे त्यांनी कबूल केले आहे.