वायफायवरच्या फुकट गप्पा

जालन्याच्या सळई कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राबतात. याच जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. एकेकाळी अशा घरांचा आधार म्हणजे एसटीडी बूथ. रात्री दर उतरले की बूथपुढे रांग लागे आणि बोलणाऱ्याची नजर मीटरवरच्या लाल आकड्यांवर खिळलेली असे.

२०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून थेट बोलता येऊ लागलं आणि मीटरची धास्ती संपली. वायफाय असेल तर सिमकार्डाचा डेटाही खर्च होत नाही.

आवाजाला इंटरनेट लागतं तरी किती? अनेक ॲपमध्ये ‘ओपस’ ही २०१२ पासूनची खुली प्रणाली वापरतात. ती बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडते, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता वगैरे धरून सेकंदाला ४० हजार बिटांत स्वच्छ आवाज जातो. दोन्ही बाजूंचं मिळून अर्ध्या तासाचं बोलणं जेमतेम १८ एमबी! रेल्वेची ‘रेलटेल’ कंपनी देशातल्या सहा हजारांहून अधिक रेल्वे स्थानकांवर रोज पहिला अर्धा तास १ एमबीपीएस वेगानं मोफत वायफाय देते. एका बाजूच्या आवाजाला त्या वेगाचा पंचविसावा हिस्सा पुरतो.

मग आवाज का तुटतो? कारण खरी अडचण वेगाची नसून वेळेची आहे. तुकडे वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून ॲप क्षणभर थांबून ते ओळीनं लावतं. पण पंगत उठल्यावर आलेल्याला पान मिळत नाही. उशिरा आलेला तुकडाही टाकून दिला जातो. शेजारचे चौघे त्याच वायफायवर व्हिडिओ बघत असले, की असे लेटलतीफ वाढतात.

पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची रेंज मरते, तिथे ‘वायफाय कॉलिंग’ कामाला येतं. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये, तर जिओनं जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केलं. हा कॉल मात्र ॲपचा नव्हे, कंपनीचा; आपल्याच नंबरावरून जातो आणि पॅकमध्ये मोजला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ते एकदा चालू करून ठेवावं.

आणि एक ध्यानात असू द्या: अपघात झाला, आग लागली, तर व्हॉट्सॲपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. तिथे साधा फोनच लावावा लागतो.