वाटाड्या कुत्रा आणि त्याचा नवा मालक

परदेशातील चित्रपटांत तुम्ही असे दृश्य पाहिले असेल : एक दृष्टिहीन व्यक्ती गर्दीच्या रस्त्याने झपाझप चालली आहे. तिच्या डाव्या बाजूला एक कुत्रा आहे आणि त्याच्या अंगावरील साजाची ताठ मूठ तिने हातात धरली आहे. हे पाहून आपला असा समज होतो, की 'पोस्टात चल' म्हटले की कुत्रा पोस्टात नेत असेल आणि सिग्नल हिरवा झाला की रस्ता ओलांडत असेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. नेहमीचे रस्ते कुत्र्याच्या अंगवळणी पडतात हे खरे. पण कोठे जायचे आणि कोणत्या वाटेने, हे माणसालाच ठाऊक असावे लागते. सिग्नल पाहायला तर कुत्र्याला शिकवीतच नाहीत. मग कुत्रा करतो काय? आणि पूर्ण शिकलेला कुत्रा मिळाल्यावरही माणसाला त्याच्याबरोबर काही आठवडे शाळेत का शिकावे लागते?

थोडा इतिहास

पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. पुढे पॉट्सडॅम येथे अशीच शाळा निघाली. तिच्याविषयी डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ साली एक लेख लिहिला. त्या वेळी त्या स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांचे शिक्षण करीत असत. मॉरिस फ्रँक या अमेरिकेतील अंध तरुणाच्या कानांवर हा लेख गेला आणि त्याने त्यांना पत्र लिहिले. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला, बडी नावाच्या कुत्रीबरोबर शिकला आणि परत येताच न्यूयॉर्कमधील वाहनांनी गजबजलेला एक रुंद रस्ता त्याने वार्ताहरांच्या देखत ओलांडून दाखविला. १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १९३१ साली पहिल्या चार जोड्या तयार झाल्या.

कामाची वाटणी

या जोडीत रस्त्याचा नकाशा माणसाच्या डोक्यात असतो. किती चौक ओलांडले हे तो मोजतो, वाहनांच्या आवाजावरून वाहतूक कोणत्या दिशेने चालली आहे हे ओळखतो आणि 'पुढे', 'डावीकडे', 'उजवीकडे' अशा आज्ञा देतो. कुत्रा सरळ रेषेत चालतो, फूटपाथ संपला की थांबतो, खांब, खड्डे, उभ्या सायकली चुकवितो.

यातील सर्वांत कठीण धडा कोणता असेल? डोक्याच्या उंचीवर आलेली झाडाची फांदी चुकविण्याचा! कुत्रा स्वतः तिच्याखालून सहज जाईल. पण आता आपली उंची माणसाएवढी आणि रुंदी दोघांएवढी आहे, हे त्याला शिकावे लागते.

यासाठी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, अल्सेशियन अशा जातींची पिले निवडतात. साधारण दोन महिन्यांचे पिल्लू एखाद्या कुटुंबात वाढते. सव्वा-दीड वर्षाचे झाले की शाळेत येते आणि तेथे काही महिने शिकते. जमले की शाबासकी किंवा खाऊ मिळतो. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे या शिक्षणाचे मूलतत्त्व होय.

नवी ओळख

जोडी जुळविताना शिक्षक काही वेळा स्वतःच कुत्रा होतो! साजाचे पुढचे टोक तो हातात घेतो, मूठ विद्यार्थ्याकडे देतो आणि दोघे चालू लागतात. विद्यार्थी किती वेगाने चालतो, त्याला किती ओढ सोसते, हे यावरून कळते आणि त्याला जुळणारा कुत्रा निवडता येतो.

खरी अडचण यानंतर येते. कुत्र्याचा जीव शिक्षकावर जडलेला असतो. पहिले काही दिवस तो वारंवार त्याच्याकडेच वळून पाहतो. म्हणून शिक्षक जाणूनबुजून त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. खाणे, पाणी, अंग विंचरणे, बाहेर नेणे ही सारी कामे आता नव्या मालकाच्या हातून होतात आणि हळूहळू कुत्र्याची निष्ठा नव्या मालकाकडे वळते.

माणसालाही नवी भाषा शिकायची असते, ती हाताची. साजाची मूठ ताठ का असते, याचा विचार करा. दोरी फक्त ओढू शकते. ताठ दांडा ओढतो, ढकलतो आणि कलतोही. कुत्र्याचे खांदे किंचित वळले, वेग थोडा मंदावला, तरी ते दांड्यातून तळहाताला समजते.

वाटाड्या कुत्रा साधारणपणे सात-आठ वर्षे काम करतो, म्हणून एका माणसाला आयुष्यात अनेक कुत्रे लागू शकतात. मॉरिस फ्रँकने आपल्या पुढच्या कुत्र्यांची नावेही बडीच ठेवली; पण नाव तेच असले तरी चाल आणि ओढ वेगळी असते. जुन्या कुत्र्याची सवय झालेल्या हाताला नव्याची भाषा पुन्हा शिकावीच लागते.

सुज्ञ आज्ञाभंग

आता सर्वांत महत्त्वाचा धडा. माणसाने कानोसा घेऊन 'पुढे' म्हटले आणि त्याच क्षणी वळणावरून मोटार आली, तर? अशा वेळी कुत्र्याने आज्ञा मोडलीच पाहिजे. विजेवर चालणाऱ्या मोटारी हळू जाताना फारसा आवाज करीत नाहीत. त्यामुळे या धड्याचे महत्त्व आज अधिकच वाढले आहे.

शाळेत यासाठी शिक्षक मुद्दाम मोटारी आडव्या आणतात. कुत्रा थांबला की माणसानेही तत्काळ थांबायचे, तो मागे सरला तर त्याच्याबरोबर मागे सरायचे आणि त्याला शाबासकी द्यायची. पण माणसाचा विश्वास बसला नसेल आणि तो कुत्र्याला पुढे रेटीत राहिला, तर? काही दिवसांत कुत्र्याला कळते, की थांबण्यात अर्थ नाही. मग कित्येक महिन्यांचे शिक्षण वाया जाते आणि दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणजे या धड्यात कुत्र्याने आज्ञा मोडायला शिकायचे आणि माणसाने तिचे मोडणे मानायला शिकायचे!

करून पाहा

शाळेच्या मोकळ्या मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा प्रयोग करा. दप्तरे ठेवून दहा-बारा अडथळे मांडा. एकाने डोळ्यांवर रुमाल बांधावा. दुसऱ्याने मुळीच न बोलता त्याला न्यावे. पहिल्या फेरीत दोघांनी दोरीची टोके धरावीत, दुसऱ्या फेरीत हातभर लांबीच्या काठीची. प्रत्येक फेरीत किती दप्तरांना पाय लागला, ते मोजा. मग जोडीदार बदला आणि पुन्हा मोजा. आकड्यांवरून काय दिसते, ते वर्गात मांडा.

आपल्याकडे असे कुत्रे क्वचितच दिसतात. सलग फूटपाथ नसणे आणि रस्त्यावरील मोकाट कुत्री या त्यातील मोठ्या अडचणी आहेत. आपले बहुतेक दृष्टिहीन बांधव पांढऱ्या काठीच्या साहाय्याने चालतात. पण साज घातलेला कुत्रा कधी दिसलाच, तर त्याला हाक मारू नका, कुरवाळू नका, खाऊ देऊ नका. तो कामावर आहे आणि त्याच्या लक्षावर एका माणसाचा जीव अवलंबून आहे.