पिल्लाला काठी नको, वेळ हवी

गोष्ट दिवाळीची. सिल्लोड तालुक्यातलं एक शेतकरी घर. मक्याची मळणी नुकतीच आटोपलेली, अंगणात ताडपत्रीवर मका वाळत पडलेला, कपाशीची वेचणी जोरात. अशा घाईगर्दीत संभाजीनगरला नोकरीला असलेला धाकटा मुलगा सुट्टीवर आला आणि टोपलीतून एक पांढरंशुभ्र पामेरियनचं पिल्लू घेऊन आला. जेमतेम दोन महिन्यांचं. फुटलेल्या बोंडासारखं मऊ अंग आणि मण्यांसारखे डोळे. पोरं हरखून गेली. नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस भांडणं झाली आणि शेवटी 'मोती' हे नाव कायम झालं.

आठवड्यानंतर मात्र घरात वेगळंच भांडण उभं राहिलं. मोतीनं आधी उंबऱ्यापाशी घाण केली, मग देवघरासमोर केली आणि एका सकाळी थेट वाळत घातलेल्या मक्यावर! घरधन्यानं फोक उचलला. पिल्लू कणगीमागे दडून बसलं. "उद्या याला अजिंठ्याच्या रस्त्याला एखाद्या ढाब्यापाशी सोडून येतो," असा निकालही लागला.

मोती वाचला तो आजीमुळे. आजी म्हणाली, "अरे, गाईच्या धारेची वेळ कधी चुकवत नाहीस, मग याचीच का चुकवतोस? चार दिवस झाले, मी बघतेय. ते झोपेतून उठलं की करतं, खाल्लं की करतं. त्या वेळेला कुणी त्याला बाहेर नेलंय का?"

वाचकहो, कुत्र्याला वळण लावण्याचं सगळं शास्त्र आजीच्या या बोलण्यात आलं. शहरात लोक यासाठी शिकवणारा माणूस लावतात. तुम्हाला त्याची गरज नाही. ज्याच्या घरी जनावरांच्या वेळा सांभाळल्या जातात, त्याला पिल्लू शिकवणं अवघड नाही. फक्त ती शिस्त गोठ्यातून ओसरीपर्यंत आणायची.

मारून का शिकत नाही?

गोऱ्हा औताला शिकवायचा असला म्हणजे तुम्ही काय करता? जुन्या, सवयीच्या बैलाच्या जोडीला त्याला जुंपता, थोडं थोडं चालवता, पाठीवर हात फिरवता. पहिल्याच दिवशी झोडपून काढलेला गोऱ्हा पुढं जू बघितलं तरी बुजतो, हे तुम्हाला माहीत आहे. पिल्लाचंही तसंच आहे.

पिल्लाला एखादी कृती आणि तिचं फळ यांचा संबंध कळतो तो दोन-चार क्षणांपुरताच. त्यानं सकाळी घाण केली आणि तुम्ही ती अर्ध्या तासानं पाहून त्याला मारलं, तर मार कशाबद्दल बसला हे त्याला कळत नाही. ते एवढंच शिकतं, की माणूस जवळ आला की मार बसतो. मग ते माणसादेखत करायचं टाळतं आणि कणगीमागे, खाटेखाली, धान्याच्या पोत्यांआड जाऊन करतं. घाणीत तोंड घासण्याची रीतही तितकीच वाईट. कोपऱ्यात तिखट टाकण्याचा उपाय आपल्या मिरचीच्या तालुक्यात हमखास सुचतो, पण त्यानं पिल्लाचे डोळे आणि नाक जळतं. कुठं जायचं, हे काही त्यातून त्याला समजत नाही.

वेळा कोणत्या?

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. दिवसा साधारण दर दोन तासांनी त्याला बाहेर न्यावं. त्याशिवाय चार वेळा अशा आहेत, की त्या चुकवायच्याच नाहीत.

पहिली, झोपेतून उठल्याबरोबर. पहाटे धारेला उठता तेव्हाच पिल्लाला उचलून बाहेर न्या. उचलूनच न्या, कारण चालत आणलं तर ते वाटेतच बसतं. दुसरी, खाणं झाल्यावर. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत त्याला जायचं असतं. तिसरी, खेळून दमल्यावर. आणि चौथी, रात्री घरातले दिवे मालवण्याआधी. पहिले काही आठवडे रात्री एकदा उठावं लागेल. नाहीतरी पिकाला पाणी द्यायला आपण रात्री-अपरात्री उठतोच.

पिल्लू जमीन हुंगत गोल फिरू लागलं, खेळता खेळता मध्येच थांबून कोपऱ्याकडे निघालं, की समजा वेळ झाली. हातातलं काम टाका आणि त्याला उचला.

खाणंही ठरल्या वेळीच द्या. दिवसभर ताटली भरून ठेवली तर बाहेर जायची वेळ कधीच ठरणार नाही.

जागा एकच, शब्द एकच

अंगणाच्या कडेला, विहिरीपासून आणि चुलीपासून लांब, मातीची एक जागा ठरवा. दर वेळी तिथंच न्या. गळ्यात हलका पट्टा आणि दोरी असू द्या. तिथं उभं राहून एकच शब्द म्हणा. 'चल बाहेर' म्हणा, नाहीतर दुसरं काही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरावा. त्यानं तिथं केलं, की त्याच क्षणी शाबासकी द्या. शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरे. घरात परत आल्यावर दिलेलं बक्षीस उपयोगाचं नाही, कारण ते 'घरात आल्याबद्दल' मिळालं असं पिल्लू समजतं.

इथं एक चूक बहुतेक घरांत होते. सोय म्हणून पिल्लाखाली गोणपाट टाकतात आणि त्यावरच त्याला करू देतात. पण लहानपणी पायाखाली जे असतं, त्याचीच पिल्लाला सवय लागते. गोणपाटावर शिकलेलं कुत्रं पुढं पोतं, सतरंजी, वाळवणाची ताडपत्री असं जे अंथरलेलं दिसेल त्यावर बसतं. मोतीनं मक्यावर केलं त्याचं कारण हेच होतं. त्याचा पहिला आठवडा गोणपाटावर गेला होता. म्हणून पहिल्या दिवसापासून पायाखाली माती हवी.

झोपायला मात्र त्याची स्वतःची जागा द्या. फळांचा लाकडी खोका, त्यात जुन्या लुगड्याची घडी, एवढं पुरतं. कुत्रं आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही. खोका त्याला वळून बसता येईल एवढाच असावा. फार मोठा असला, तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात करतं.

चूक झालीच तर

चुका होणारच. पिल्लू करताना दिसलं, तर ओरडू नका. टाळी वाजवून थांबवा आणि उचलून बाहेर न्या. नंतर दिसलं, तर मुकाट्यानं साफ करा. नुसतं फिनाईल शिंपडून भागत नाही. आपल्या नाकाला वास गेला तरी कुत्र्याच्या नाकाला जात नाही, आणि वास राहिला की ते परत त्याच जागी येतं. शिवाय पायाला लागलेलं फिनाईल ते चाटतं, तेही घातकच. फरशी असेल तर साबणानं धुऊन वर व्हिनेगर घातलेलं पाणी फिरवा. सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून टाका, नवी माती दाबा आणि पुन्हा सारवा.

असं नेमानं केलं, तर चार-पाच आठवड्यांत फरक दिसू लागतो. पक्की सवय लागायला मात्र पिल्लू पाच-सहा महिन्यांचं व्हावं लागतं. तेवढा धीर धरा.

रोजची निगा

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या, पुढं तीनदा आणि मोठं झाल्यावर दोनदा. इतक्या लहान जातीचं पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर गळून जातं. नुसत्या दूधभाकरीवर कुत्रं धड वाढत नाही, आणि गाई-म्हशीच्या दुधानं पुष्कळदा पोटही बिघडतं. भाकरी किंवा भाताबरोबर उकडलेलं अंडं, बिनतिखटाचं शिजवलेलं मटण-चिकन, मऊ शिजवलेली डाळ द्या. फोडणीची आमटी देऊ नका, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट ही तर विषंच समजा. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून घशात आणि आतड्यात रुततात. शेळी-मेंढी कापल्यावर कच्चं काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढं टाकायची रीत सोडा. त्यातून कुत्र्याला एक प्रकारचे जंत होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर काळजात पाण्याच्या गाठी धरतात.

पामेरियनचे केस दुहेरी असतात, खाली लोकर आणि वर लांब केस. एक दिवसाआड विंचरा, नाहीतर जटा होतात. उन्हाळा आला म्हणून केस मुंडू नका, अंगाला थेट ऊन लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत त्याला गार फरशीवर, माठाजवळच्या सावलीत ठेवा आणि पाण्याचं भांडं भरलेलं असू द्या. डांबरी रस्त्यावर नेण्याआधी आपल्या हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. आपला हात टिकत नसेल, तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. कुत्रं फार धापा टाकत असेल, लाळ गाळत असेल, झोकांड्या खात असेल, तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड बघा. गुरांच्या गोचिडांचं औषध मात्र कुत्र्याला अंदाजानं लावू नका. बैलाला चालणारी मात्रा दोन-तीन किलोच्या जिवाला मारून टाकते. डॉक्टरांना विचारूनच औषध लावा. माणसाची तापाची गोळीही त्याला देऊ नका.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धोका असतो. उंदराचं औषध, फवारणीचे डबे, औषध लावलेलं बियाणं, हे सगळं पिल्लाच्या तोंडाशी येईल असं खाली ठेवू नका. तुमच्या घरात रांगतं मूल असतं, तेव्हा जी काळजी घेता, तीच इथं घ्या.

लस चुकवू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पिल्लू कितीही गोजिरवाणं असलं तरी त्याला दात आहेत, आणि लस नसलेलं कुत्रं म्हणजे पिसाळण्याचा धोका. पिसाळण्याची लक्षणं एकदा दिसली, की जनावर वाचत नाही आणि माणूसही जवळपास कधीच वाचत नाही. लस मात्र आधीच घेता येते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवलं. तेव्हापासून हे हत्यार माणसाच्या हाती आहे.

पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पिसाळण्याविरुद्धची लस द्या, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्या आणि पुढं दर वर्षी. त्याआधी, दीड-दोन महिन्यांपासून, रक्ताच्या हगवणीविरुद्धच्या, म्हणजे पार्वोच्या लशी सुरू होतात. त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला गावभर फिरवू नका, भटक्या कुत्र्यांत सोडू नका. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी आणि मोठेपणी दर तीन महिन्यांनी. या साऱ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, गाय भरवल्याची तारीख लिहिता तशा.

कुणाला कुत्रं चावलं, मग ते घरचं असो की दारचं, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात या जुन्या भीतीनं पुष्कळ लोक अजूनही घरीच बसतात. ती जुनी लस आपल्या देशात कधीच बंद झाली. आता इंजेक्शनं दंडात, थोडकीच असतात. जखम खोल असेल तर तिच्याभोवती वेगळं औषधही टोचतात. डॉक्टर सांगतील तेवढ्या तारखा पुऱ्या करा. मधेच सोडू नका.

आणायच्या आधी विचार

पामेरियन बारा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे आज पहिलीत असलेलं तुमचं पोर कॉलेजात जाईपर्यंत ते तुमच्या घरी असणार. एवढी तयारी नसेल तर आणू नका, ते जास्त बरं. पण एकदा आणलं, की ढाब्यापाशी, बाजारात, घाटात नेऊन सोडू नका. घरात वाढलेलं असलं लहान कुत्रं रस्त्यावर फार दिवस काढत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं पाळलेलं जनावर बेवारस सोडणं हा गुन्हाही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी आपण कुणाच्या मातीतले? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपल्या मराठवाड्यात घरोघर सांगतात.

मोतीचं पुढं काय झालं? आजीनं गोणपाट उचलून टाकला. पहाटेची फेरी तिनं स्वतःकडे घेतली, शाळेतून आल्यावरची नातवांना दिली आणि रात्रीची, ज्यानं फोक उचलला होता त्यालाच दिली. पहिले दोन-तीन दिवस तो कुरकुरला. महिन्याभरात मात्र मोती रात्री आपण होऊन त्याच्यापाशी जाऊन उभा राहू लागला. दाराकडे बघायचा, मग त्याच्याकडे बघायचा.

पुढच्या हंगामात त्याच अंगणात मका वाळत पडला होता. मोती ताडपत्रीच्या कडेला बसून चिमण्यांवर भुंकत होता. त्यानं ताडपत्रीवर पाय ठेवला नाही.