स्टिकरवरचे अँपिअर आणि भिंतीतला प्लग
घरचं वर्कशॉप : भाग ९

मागच्या भागात रॉडचं मशीन आवरतं घेतलं, तेव्हाच पुढचा प्रश्न दिसत होता : मग सीओटू कोणतं घेऊ? भोसरी असो की बुटीबोरी, मिग वेल्डिंगला शेडमध्ये सीओटूच म्हणतात. आपणही अधूनमधून तसंच म्हणू. पण कोणतं घ्यायचं ते ठरवण्याआधी, घ्यायचंच का हे पाहू.

फाटकाची बिजागरी, गच्चीवरच्या शेडचा अँगल, ट्रॉलीचा हुक एवढंच काम असेल तर रॉडचं इन्व्हर्टर मशीन पुरे. पाच मिलिमीटरच्या अँगलला ६०१३ चा रॉड मस्त धरतो, वाऱ्यातही चालतो, आणि त्याला सिलिंडर लागत नाही. मिगची खरी गरज पातळ मालाला. १६ गेजचा चौकोनी पाइप म्हणजे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२. इथे रॉडने नवख्याच्या हातून भोकं पडतात. दोन मिलिमीटरचा रॉड घेऊन सराव केला तर जमतं, पण तेवढा सराव होईपर्यंत बराच पाइप भंगारात जातो. ०.८ मिलिमीटरची तार तेच काम ५०-६० अँपिअरवर शांतपणे करते. टेबल, स्टूल, पुस्तकांचा रॅक, स्कूटरचा कुजलेला पत्रा ही तुमची यादी असेल तर पुढे वाचा.

आता एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकीची खरेदी सोपी होते. रॉडच्या मशीनवर आपण अँपिअर लावतो. मिगमध्ये अँपिअर थेट लावायचे नसतात. मशीन व्होल्टेज स्थिर धरतं आणि अँपिअर किती ओढले जातील ते तार किती वेगाने पुढे येते त्यावर ठरतं. तार जास्त वेगाने आली की तिला वितळवायला जास्त करंट लागतो आणि तो आपोआप वाहतो. व्होल्टेजच्या बटणाने आर्कची लांबी सांभाळायची, तारेच्या बटणाने करंट. पातळ कामात तारेचं टोक सेकंदाला अनेक वेळा पत्र्याला टेकतं, वितळतं, सुटतं. सगळं जुळलं की सलग चरचर ऐकू येते. व्होल्टेज कमी पडलं तर तार पत्र्यावर ठोकल्यासारखी गनला मागे ढकलते; जास्त झालं तर टोकाला गोळा धरतो आणि मोठे थेंब टपटप पडतात.

याचा अर्थ असा की मिग मशीनमधला करंट एका छोट्या मोटरच्या आणि दोन रोलरच्या हातात आहे. रोलरवर तार क्षणभर घसरली की करंट अडखळतो आणि टाका तुटक येतो. शिकणारा मात्र आपला हात थरथरतो म्हणून स्वतःला दोष देत बसतो. स्वस्त आणि चांगल्या मशीनमधला फरक नेमका इथे असतो, आणि जाहिरातीत याबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून दुकानात गेल्यावर आधी बाजूचं झाकण उघडायला सांगा. तार ढकलणारा रोलर प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला आहे की धातूच्या? रोलर काढून उलटा करता येतो का? बहुतेक रोलरना दोन खाचा असतात, ०.६ आणि ०.८ च्या किंवा ०.८ आणि १.० च्या, आणि आपल्या तारेचीच खाच आतल्या बाजूला हवी. भरीव तारेला ‘व्ही’ आकाराची खाच, पावडर भरलेल्या तारेला दातेरी. मग मशीन चालू करून गनचं टोक लाकडी फळीवर टेकवा आणि तार सोडा. बरं फीडर असेल तर तार फळीवर वाकत, वेटोळी घेत बाहेर येत राहते. रोलरपाशीच गुंता झाला तर दाब, लायनर (तार जिच्यातून गनपर्यंत जाते ती आतली नळी) किंवा चौकट यांत काहीतरी गडबड आहे. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, दाब जरा वाढवला की होतं.’ वाढवू द्या. तरीही गुंतली तर पुढचं दुकान बघा.

टॉर्च, म्हणजे गन, मशीनला कायमची जोडलेली आहे की पितळी युरो कनेक्टरने सुटी होते, हेही बघून घ्या. सुटी होणारी असेल तर उद्या १५ नंबरची कुठलीही टॉर्च आणून लावता येते. तिच्या टिपा आणि नोझल तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळू लागल्या आहेत. टिप हा सतत झिजणारा भाग आहे, तो ज्या दुकानात रोज मिळत नाही त्या जातीच्या टॉर्चचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये, असं माझं मत.

आता स्टिकर. बाजारातल्या कित्येक छोट्या मशीनवर ‘मिग-२००’ किंवा ‘मिग-२५०’ असं ठसठशीत छापलेलं असतं. तो मॉडेलचा नंबर आहे, अँपिअर असतीलच असं नाही. मागे किंवा खाली एक बारीक अक्षरांची पाटी असते, ती वाचा. तिथे ‘एक्स’पुढे टक्केवारी असते : २० टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी दोन मिनिटं आर्क, बाकी आठ मिनिटं पंखा. ही मोजणी ४० अंश सेल्सिअसला धरलेली असते, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात ती आणखी आखडते. तरी या टक्केवारीचा बाऊ करू नका. हौशी माणूस टाका मारण्यापेक्षा गुण्या लावण्यात, क्लॅम्प कसण्यात आणि पेन्सिल शोधण्यात जास्त वेळ घालवतो. शिवाय करंट कमी केला की वेळ झपाट्याने वाढतो : १६० अँपिअरला २५ टक्के देणारं मशीन ८० अँपिअरवर जवळपास न थांबता चालू शकतं.

खरी मर्यादा मशीनच्या बाहेर, भिंतीत आहे. हिशेब करून पाहू. १०० अँपिअरला आर्कवर साधारण १९ व्होल्ट लागतात, म्हणजे १,९०० वॅट. मशीनमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते आणि स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या लाइनवरून ओढले जातात सुमारे १४ अँपिअर. आपला घरातला मोठा प्लग १६ चा. म्हणजे शंभरपर्यंत ठीक. १६० अँपिअरला हाच हिशेब २५-२६ वर जातो आणि खरोखरच २०० काढले तर ३५ वर. तेवढं देणारा प्लग कुणाच्याच बेडरूममध्ये नसतो. ‘२००’चं मशीन घरच्या प्लगला लावून आपण शंभरचंच वापरतो आणि पैसे दोनशेचे देतो. पॉवर फॅक्टर सुधारणारी सोय असलेलं मशीन हाच करंट बऱ्याच कमी ओढीत देतं, पण ते महाग पडतं.

दीड मिलिमीटरच्या पाइपला साठ-सत्तर अँपिअर पुरतात, त्याला लाइनवरून आठ-नऊ जातात. म्हणजे ज्या कामासाठी मिग घ्यायचं, ते काम साध्या प्लगवर बसतं. मात्र वर्कशॉपपर्यंत वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खणखणीत अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या; महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किती छापला आहे तेही एकदा बघा. गावाकडे आणखी एक भानगड. शेतीपंप सुरू झाले की घरात १८० व्होल्ट उरतात. पाटीवर २३० च्या खाली-वर १५ टक्के लिहिलेलं मशीन १९५ च्या खाली हात टेकतं. तिथे राहणाऱ्यांनी कमी व्होल्टेजवर चालणारं मॉडेलच मागावं आणि दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता आकडा पाटीवर बघावा.

गॅसचा हिशेब लोक उगाच मोठा करून ठेवतात. ०.८ ची एक किलो तार म्हणजे सुमारे अडीचशे मीटर. मिनिटाला पाच मीटर वेगाने ती पन्नास मिनिटं आर्क देते. एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून साधारण ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर तोही पन्नास-चौपन्न मिनिटं. किलोला किलो, लक्षात ठेवायला सोपं. साडेचार किलोचा छोटा सिलिंडर चार तास आर्क देतो, आणि चार तास नुसता आर्क म्हणजे रविवारच्या रविवारी काम करणाऱ्याला महिनोनमहिने. तीस किलोचा सिलिंडर घरी आणून जिन्याखाली उभा करायचं काहीच कारण नाही.

सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, म्हणून रेग्युलेटरवरच्या घड्याळाचा काटा गॅस संपत आला तरी हलत नाही आणि मग एकदम खाली बसतो. त्यावर विसंबू नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. (३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात काटा आणखीच बेभरवशाचा.) जुन्या बाजारात आग विझवायचे सिलिंडर स्वस्त दिसतात, त्यांचा मोह टाळा : त्यांच्या आत तळापर्यंत नळी असते, उभ्या सिलिंडरमधून थेट द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटरचं वाटोळं होतं. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख बघून घ्या, आणि तो भिंतीला साखळीने बांधा. आर्गॉन मिसळलेल्या गॅसने पातळ पत्र्यावर टाका देखणा येतो, स्पॅटर कमी उडतो. पण आर्गॉन द्रव होत नसल्याने तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये खूप कमी मावतो आणि महागही पडतो. सुरुवात साध्या सीओटूने करा.

‘गॅसलेस’ तारेबद्दल बरेच जण विचारतात. तारेच्या पोटात पावडर असते, ती जळून आर्कभोवती आडोसा धरते. अंगणात, वाऱ्यात काम करायला बरी. धूर जास्त, वरून खपली काढावी लागते, तार महाग. महत्त्वाचं म्हणजे तिला टॉर्च निगेटिव्हला लागते, तर गॅसवाल्या भरीव तारेला पॉझिटिव्हला. मशीनमध्ये या दोन्ही टोकांची अदलाबदल करण्याची सोय हवी. नुसत्या गॅसलेसचं मशीन स्वस्त मिळतं, पण पातळ पत्र्याचं जे सुख मिगकडून हवं ते त्यातून मिळत नाही.

तार कितीही स्वस्त मिळाली तरी पंधरा किलोची रीळ आणू नका. कोकणात आणि गोव्यात जूनमध्ये उघडी ठेवलेली रीळ गणपतीपर्यंत गंजते, आणि गंजकी तार लायनर चोंदवते. एक किंवा पाच किलोची रीळ, काम झाल्यावर डब्यात बंद. ओळखीच्या कारखान्यातून १.२ ची तार ‘ने रे’ म्हणून मिळते, तीही नको. या मशीनला आणि या पाइपला ती जाड आहे.

बिघाडाचं म्हणाल तर या इन्व्हर्टरचा सर्वांत मोठा शत्रू आपलाच ग्राइंडर. त्याची लोखंडी भुकटी मशीनचा पंखा आत ओढतो आणि बोर्डावर शॉर्ट होतो. ग्राइंडिंग दुसऱ्या कोपऱ्यात करा. आणि खरेदीच्या वेळी विचारा : बोर्ड गेला तर कुठे दुरुस्त होतो? उत्तर आपल्याच जिल्ह्यातलं असेल तर दोन हजार जास्त मोजावे. ‘कंपनीला पाठवू’ एवढंच असेल तर ऑनलाइन आणि दुकानात काय फरक राहिला?

एकूण तीस हजार हाताशी असतील तर मशीन विसाच्या आतलंच बघा. उरलेल्यात सिलिंडर, हीटरवाला रेग्युलेटर, आपोआप गडद होणारं हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे बसवायचे आहेत. मशीनवरच सगळे खर्चून काळा चष्मा लावून बसणारे पाहिले आहेत. आर्कला चष्मा पुरत नाही, चेहराही भाजतो. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जोडाच्या आसपास घासून काढल्याशिवाय टाका मारू नका, त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि दार उघडं ठेवा, पण टेबल फॅन जोडावर रोखू नका, नाहीतर गॅस उडून टाक्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं पडतात.

पुढच्या भागात : १८ गेजचा चौकोनी पाइप, ४५ अंशांचे काप, आणि टॅक कोणत्या क्रमाने मारले तर चौकट पिळत नाही.