मदरबोर्डची आवृत्ती कशी ओळखावी : महाबळेश्वरसारख्या दमट प्रदेशातील महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद बहुधा एका ओळीत आटोपलेली असते : प्रोसेसर, स्मृतीची क्षमता, देयकाचा क्रमांक आणि किंमत. हे सर्व भाग ज्यावर बसविलेले असतात त्या मदरबोर्डचे नाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते, आणि लिहिले असले तरी त्याची आवृत्ती क्वचितच नमूद केलेली आढळते. संगणक नीट चालतो तोपर्यंत ही उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. बायोस बदलण्याची, अधिक क्षमतेचा प्रोसेसर बसविण्याची किंवा नादुरुस्त बोर्डाच्या जागी तसाच दुसरा मागविण्याची वेळ आली म्हणजे मात्र नेमकी हीच माहिती हवी असते. कारण एकाच नावाने विकले गेलेले दोन बोर्ड आतून सारखे असतीलच असे नाही.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे ही अडचण अधिक तीव्र होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या गावी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नवे शैक्षणिक वर्षही याच सुमारास सुरू होते. उन्हाळी सुटीत बंद राहिलेली प्रयोगशाळा उघडावी तो खिडक्यांतून धुके आत आलेले असते. दमट हवेने स्मृतिपट्ट्यांच्या संपर्कांवर ऑक्साइडचा थर चढतो, तर बोर्डावर साचलेल्या धुळीने ओलावा शोषला की नको त्या दोन बिंदूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो. बिघडलेला भाग स्थानिक बाजारात न मिळाल्यास घाट उतरून वाई किंवा साताऱ्यास, तेथेही न मिळाल्यास पुण्यास विचारणा करावी लागते. अशी विचारणा दूरध्वनीवरून करताना ‘एच ६१ चा बोर्ड हवा’ एवढे सांगून भागत नाही.

ज्यावर विसंबावे असे सामान्यतः वाटते तो बोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका या हवेत सर्वांत आधी निकामी होतो. त्याला बुरशी येते, चिकटविलेली कागदी पट्टी सुटते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर तो टाकून दिला जातो. त्यामुळे खोका नसताना बोर्डाची ओळख कशी पटवावी, हाच येथे खरा प्रश्न ठरतो.

‘आवृत्ती’ शब्दाचे तीन अर्थ

या विषयातील बहुतेक घोटाळे एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सुचविल्या जात असल्यामुळे होतात. पहिली आवृत्ती चिपची. चिपच्या घडणीत सुधारणा झाली की तिला नवे ‘स्टेपिंग’ मिळते. दुसरी आवृत्ती बोर्डाची, म्हणजे ज्यावर तांब्याचे मार्ग कोरलेले असतात त्या पटलाच्या आराखड्याची व त्यावर बसविलेल्या भागांची. तिसरी आवृत्ती बायोसची. ती केवळ आज्ञावलीची असते व केव्हाही बदलता येते. प्रयोगशाळा साहाय्यक ‘एफ ७ आवृत्ती आहे’ असे सांगतो तेव्हा तो बायोसविषयी बोलत असतो आणि पुरवठादार ‘रेव्ह २.०’ विचारतो तेव्हा त्याला बोर्ड अभिप्रेत असतो.

चिप आणि बोर्ड यांच्या आवृत्तींतील भेद २०११ मधील एका घटनेने फार स्पष्ट झाला. इंटेलने त्या वर्षीच्या जानेवारीत आपल्या ६-मालिकेतील चिपसेट बाजारात आणले आणि ३१ जानेवारी रोजी त्यांत दोष असल्याचे जाहीर केले. घड्याळसंकेत पुरविणाऱ्या मंडलातील एका ट्रान्झिस्टरमधून अपेक्षेपेक्षा अधिक गळती होत होती. परिणामी सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची साटा द्वारे कालांतराने क्षीण होत जाण्याचा धोका होता. ६ गिगाबिट वेगाची दोन द्वारे मात्र निर्दोष होती. दुरुस्ती व बदली यांसाठी सुमारे ७० कोटी डॉलर खर्च येईल, असा अंदाज कंपनीने त्या वेळी दिला. सदोष चिप ‘बी-२’ स्टेपिंगची, तर सुधारलेली ‘बी-३’ स्टेपिंगची होती.

बोर्ड बनविणाऱ्या कंपन्यांनी हा फरक ग्राहकास कळावा म्हणून जे केले ते मोठे बोधक आहे. गिगाबाइटने बोर्डाच्या नावापुढे ‘बी-३’ हे अक्षर-अंक जोडले. एमएसआयने तेच कंसात घातले. आसुसने मात्र नावापुढे ‘रेव्ह ३.०’ असे लिहिले. म्हणजे चिपच्या सुधारणेला एका कंपनीने बोर्डाच्या आवृत्तीचे रूप दिले. ‘रेव्ह ३.०’ म्हणजे तिसऱ्यांदा फेररचना झालेला बोर्ड, असा कोणी अर्थ लावल्यास त्याला दोष देता येणार नाही.

चिपची आवृत्ती चिपच्या आतच एका नोंदस्थानात कोरलेली असल्याने ती आज्ञावलीला वाचता येते. वरील चिपसेटच्या बाबतीत हा अंक ०४ असल्यास बी-२ व ०५ असल्यास बी-३ असे ओळखता येत असे. बोर्डाच्या आवृत्तीची स्थिती निराळी आहे. तांब्याच्या मार्गांना स्वतःची ओळख सांगता येत नाही. ती कोणीतरी बोर्डावर छापावी लागते किंवा बायोसमध्ये लिहून ठेवावी लागते.

संगणकास विचारले असता

विंडोजमधील ‘सीपीयू-झेड’ ही आज्ञावली किंवा लिनक्समधील ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा बोर्डाचे नाव व आवृत्ती दाखविते. ही माहिती त्या बोर्डाचे परीक्षण करून मिळविलेली नसते. निर्मात्याने बायोसमधील एका ठरावीक सारणीत जे लिहिले असेल तेच उचलून दाखविले जाते. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर आवृत्तीच्या जागी केवळ ‘एक्स.एक्स’ अशी अक्षरे येतात, तर आसुसच्या पुष्कळ बोर्डांवर ‘रेव्ह एक्स.०एक्स’ असे मोघम उत्तर मिळते. काही ठिकाणी तर ‘हे निर्मात्याने भरावे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्यच तसेच राहून गेलेले दिसते. रिकामा अर्ज भरून न घेताच फाइलीला लावावा, तशातलाच हा प्रकार आहे.

आणखी एक धोका असा की, पूर्वी कोणी चुकीच्या आवृत्तीचा बायोस घातला असेल आणि बोर्ड सुदैवाने चालू राहिला असेल, तर ही सारणी बोर्डाची नव्हे तर त्या बायोसची माहिती सांगण्याची शक्यता असते. म्हणून बोर्डाचे नाव जाणून घेण्यासाठी या आज्ञावल्या उपयुक्त असल्या, तरी आवृत्तीच्या बाबतीत त्यांची साक्ष निर्णायक मानू नये.

बोर्डावर पाहताना

निर्णायक पुरावा बोर्डावर पांढऱ्या शाईने छापलेल्या अक्षरांचा. ही छपाई निर्मितीच्या वेळीच पटलावर होते, त्यामुळे ती महाबळेश्वरच्या हवेतही टिकते. गिगाबाइटच्या बोर्डावर ती बहुधा एका कोपऱ्यात असते. मागील बाजूची द्वारे वरच्या डाव्या अंगास येतील असा बोर्ड धरला असता, खालच्या डाव्या कोपऱ्यात कडेलगत ‘रेव्ह’ हे अक्षरसंक्षेप व अंक दिसतात. आसुसच्या बोर्डावर आवृत्ती सामान्यतः नावाच्या जवळ, विस्तारखाचांच्या आसपास असते. एखादे कार्ड बसविलेले असल्यास ते काढावे लागते.

एमएसआयच्या बाबतीत खोक्यावरील विक्रीनाव दुय्यम समजावे. बोर्डावर ‘एमएस’ या अक्षरांपुढे चार अंकी क्रमांक व त्यानंतर आवृत्ती छापलेली असते. एमएस-७५९२ हा एकच क्रमांक निरनिराळ्या विक्रीनावांखाली आढळतो. इंटेलच्या स्वतःच्या डेस्कटॉप बोर्डांवर ‘एए’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक एका लहान चिकटपट्टीवर असे. एक इंग्रजी अक्षर, पाच अंक, आडवी रेघ आणि तीन अंक, असे त्याचे स्वरूप. कोणता प्रोसेसर चालेल हे इंटेलच्या तक्त्यांत या क्रमांकावरून ठरविलेले असे. ही पट्टी छापील अक्षरांइतकी टिकाऊ नसल्याने ती शाबूत असतानाच उतरवून घेणे श्रेयस्कर.

येथे एका नेहमीच्या गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. बोर्डावर ‘९४व्ही-०’ अशी अक्षरे ठळकपणे छापलेली असतात आणि अनेक जण हीच आवृत्ती समजून नोंदवितात. वस्तुतः ती पटलाच्या अग्निरोधकतेची प्रतवारी असून हजारो वेगवेगळ्या बोर्डांवर ती सारखीच आढळते. तिच्या जवळचे चार अंक पुष्कळदा उत्पादनाचे वर्ष व आठवडा सांगतात. त्यांचाही आवृत्तीशी संबंध नाही.

बोर्डावर कोणतेच नाव नसेल, तर संगणक सुरू होताना अवॉर्ड किंवा एएमआय बायोसच्या पहिल्या पडद्याच्या तळाशी येणारी अंकाक्षरांची लांब ओळ ‘पॉज’ कळ दाबून थांबवावी व लिहून घ्यावी. त्या ओळीतून मूळ निर्माता कोण, याचा माग लागू शकतो. भारतात स्थानिक नावांनी विकल्या गेलेल्या व प्रत्यक्षात अन्यत्र तयार झालेल्या बोर्डांसाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे.

चुकीची किंमत

आवृत्तीबदलाने काय फरक पडतो, याचे जुने उदाहरण आसुसच्या ‘पी२बी’ या बोर्डाचे आहे. त्याच्या आरंभीच्या आवृत्तींतील विद्युतदाब नियामक १.८ व्होल्टच्या खाली उतरत नसे. १९९९ च्या अखेरीस आलेल्या ‘कॉपरमाइन’ पेंटियम ३ ला सुमारे १.६५ व्होल्ट लागत. पुढील आवृत्तींत नियामक बदलला आणि हा प्रोसेसर त्यांवर चालू शकला. नाव तेच, खाच तीच, पण बोर्ड निराळा.

अलीकडच्या बोर्डांत बदल अधिक सूक्ष्म असतात. एका आवृत्तीत रियलटेकची नेटवर्क चिप असते, तर दुसरीत अथेरॉसची. एका संगणकाची प्रतिमा वीस संगणकांवर उतरविण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ आहे. त्यांपैकी पाच संगणकांवर नेटवर्क चालत नसेल, तर तारांची तपासणी करीत बसण्यापूर्वी त्या पाचांची आवृत्ती पाहावी. सर्वांत मोठी हानी बायोसच्या बाबतीत होते. गिगाबाइट आपल्या प्रत्येक आवृत्तीसाठी बायोस स्वतंत्रपणे देते. दुसऱ्या आवृत्तीचा बायोस घातल्यास बोर्ड पुन्हा सुरूच होत नाही, असे घडू शकते. मग आठ पायांची स्मृतिचिप काढून किंवा तिला चिमटा लावून बाह्य यंत्राने पुन्हा लिहावी लागते. हे काम गल्लोगल्ली होत नाही आणि प्रात्यक्षिक परीक्षा तर त्यासाठी थांबत नाही.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हापासून जुने संगणक लिनक्सवर नेऊन वापरात ठेवण्याचा विचार अनेक संस्थांत होणे स्वाभाविक आहे. अशा जुन्या बोर्डांच्या फाइली निर्मात्यांकडे कायम राहतील, असे मानता येत नाही. इंटेलने डेस्कटॉप बोर्डांचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१९ च्या अखेरीपासून जुन्या बोर्डांचे बायोस आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले.

म्हणून मे महिन्यात, पावसापूर्वी धूळ काढण्यासाठी पेट्या उघडल्या जातात तेव्हाच, बोर्डाचे छापील नाव, आवृत्ती व अनुक्रमांक यांचे छायाचित्र घेऊन ते नोंदवहीतील क्रमांकासह ठेवावे. चालू बायोसची प्रत त्याच जागी साठवावी. गिगाबाइटच्या अनुक्रमांकातील पहिले चार अंक वर्ष व आठवडा दर्शवितात, त्यामुळे हमीची मुदत ठरवितानाही त्याचा उपयोग होतो. बोर्ड निर्लेखित झाल्यावर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावा. परंतु देण्यापूर्वी त्याच आवृत्तीचा दुसरा बोर्ड संस्थेत चालू आहे काय, हे पाहावे. असल्यास निर्लेखित बोर्डावरील बायोसची चिप काढून त्यावर आवृत्तीची चिठ्ठी लावावी आणि ती शोषक पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवावी.